वय अंदाजे ३५ ते ४० वर्षे

‘अनोळखी इसम, वय अंदाजे ३५ ते ४० वर्षे, बांधा मध्यम, रंग सावळा.’ अकस्मात मृत्यूच्या नोंदीतले हे वाक्य शवविच्छेदनाचे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखालून वारंवार जाते. बांधा आणि रंग डोळ्यांना दिसतात. वय मात्र ठरवावे लागते. दौलताबादच्या परिसरात हा प्रश्न जरा जास्त टोचतो. इकडे देवगिरीचा किल्ला, घाट चढून गेले की खुलताबादचे भद्रा मारुती आणि दर्गे, पुढे वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर. शिवाय मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग. दर्शनाला, उरुसाला, किल्ला पाहायला लांबून माणसे येतात. त्यांतला कुणी रस्त्यावर किंवा रुळांवर गेला आणि खिशात कागद नसला, तर गावात त्याला ओळखणारे कुणीच नसते. शव छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात येते आणि पोलिसांची शोधाशोध सुरू होते ती आमच्या कागदावरच्या वयापासून. राज्यभरातल्या बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी चाळताना पहिली चाळणी लिंगाची आणि दुसरी वयाची. आमचा अंदाज दहा वर्षांनी चुकला, तर जी नोंद जुळायला हवी ती चाळणीतच अडकते आणि एखादे कुटुंब वाट पाहत राहते. वयाच्या अंदाजाकडे केवळ रकाना भरण्याचे काम म्हणून पाहणे मला म्हणूनच कधी पटलेले नाही.

आमच्या न्यायवैद्यक विभागात जिवंत माणसांचीही वये ठरवली जातात. बालविवाह, पोक्सो, विधिसंघर्षग्रस्त बालकांची प्रकरणे यांत प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: अठरा पूर्ण झाली होती की नव्हती? या दोन्ही कामांसाठी गेल्या दशकभरात एका नव्या पद्धतीचे नाव पुढे आले आहे. डीएनएवर वयानुसार होणारे रासायनिक बदल मोजून माणसाचे वय सांगायचे. ती आपल्याकडे आलीच पाहिजे, असे मला वाटते. पण जिथे तिची मागणी सर्वांत आधी होईल, म्हणजे अठराच्या उंबरठ्यावर, तिथे ती आज वापरू नये. आणि जिथे तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही, म्हणजे पंचविशीच्या पुढची माणसे, अनोळखी मृतदेह आणि रक्ताचे डाग, तिथे ती लवकरात लवकर वापरावी. हे का, ते नीट मांडायचे तर आधी आज आपल्या हाती काय आहे ते पाहायला हवे.

कायद्याने पहिला मान कागदाला दिला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तेव्हाच वैद्यकीय चाचणी. हा क्रम योग्य आहे. पण मराठवाड्यातल्या कागदांची अवस्था इथे काम करणाऱ्याला ठाऊक असते. एकेका वर्गातल्या कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून असते. शाळा जूनमध्ये सुरू होत, गुरुजी मुलाकडे पाहून वर्ष ठरवत आणि तारीख प्रवेशाला सोयीची लिहीत. गाव नमुना १४ मधली जन्माची नोंद शोधायला गेले तर कधी पान जीर्ण, कधी मुलाचे नावच नाही, फक्त बापाचे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातले बाळ कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत जन्मते. त्याची नोंद तिकडच्या गावात होत नाही आणि परत आल्यावर इकडच्या गावातही राहून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले आणि मराठवाड्यात हे प्रमाण त्याहून बरेच वर आहे. अशा ठिकाणी वयाचा कागद जसा हरवतो तसा तो गरजेप्रमाणे तयारही होतो. नव्या मुलांच्या बाबतीत रुग्णालयातली प्रसूती आणि ऑनलाइन नोंद यांमुळे परिस्थिती सुधारते आहे, पण आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांना त्याचा उपयोग नाही.

कागद संपला की हाडे आणि दात. मनगट, कोपर, खांदा, कटी यांचे एक्स-रे काढायचे, हाडांची टोके मुख्य दांड्याशी कितपत सांधली आहेत ते पाहायचे, अक्कलदाढ किती आली ते पाहायचे. वाढत्या वयात ही पद्धत चांगली चालते. बैलबाजारातला जाणता माणूस जनावराचा जबडा उघडून दोन दाती, चार दाती, सहा दाती असे वय सांगतो. पण एकदा बैल जुळला की तो सात वर्षांचा की दहा, हे दातांवरून सांगणे अवघड होऊन बसते. माणसाच्या हाडांचे तसेच आहे. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक बहुधा विशीच्या मध्यापर्यंत सांधते आणि त्यानंतर एक्स-रे जवळजवळ गप्प होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जया माला प्रकरणात एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक धरावा लागतो, हे मान्य केले. तो फरक वाढत्या वयातल्या मुलांचा आहे. तिशी-चाळिशीच्या माणसाचा असाच एक्स-रे पाहून कुणी चार वर्षांच्या पट्ट्यात वय सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

वाढते वय आणि प्रौढ वय यांतला हा फरक किती महाग पडतो ते महाराष्ट्रातल्याच दोन प्रकरणांतून दिसते. मुंबईवरच्या हल्ल्याच्या खटल्यात २००९ मध्ये अजमल कसाबच्या बाजूने तो अल्पवयीन असल्याचा मुद्दा आला. कागद नव्हता. विशेष न्यायालयाने तपासणीचा आदेश दिला, डॉक्टरांनी हाडे आणि दात पाहिले, वय विसाच्या वर असल्याचे मत दिले आणि प्रश्न तिथेच मिटला. कारण तपासणी वाढ संपण्याच्या काळातच झाली होती. दुसरे प्रकरण पुण्याचे. ऑगस्ट १९९४ मध्ये राठी कुटुंबाच्या घरात सात जणांचे खून झाले. त्यात एकाला फाशीची शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायमही राहिली. २७ मार्च २०२३ रोजी त्याच न्यायालयाने राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून मान्य केले की गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. तोवर तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. ज्या कायद्याखाली हा निर्णय झाला त्यात मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येत होते. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. जो गुन्ह्याच्या वेळी बालक होता असे न्यायालयाने ठरवले, त्याची ओळख उघड न करणे हेच कायद्याला धरून आहे. या प्रकरणात २००५ मध्ये वैद्यकीय तपासणीही झाली होती. निष्कर्ष असा: वय २२ च्या वर आणि ४० च्या आत. तपासणाऱ्यांनी प्रामाणिकपणे जेवढे सांगता येत होते तेवढेच सांगितले. पण २२ ते ४० मधून अकरा वर्षे वजा केली तर उरतात ११ ते २९, म्हणजे प्रश्न जिथे होता तिथेच. शाळेची ती नोंद सापडली नसती तर वैद्यकशास्त्राकडे त्या माणसाला देण्यासारखे काहीच नव्हते.

आता नवी पद्धत. आपल्या डीएनएत सायटोसिन आणि त्याच्या पाठोपाठ ग्वानिन अशी जोडी जिथे येते, तिथल्या सायटोसिनला मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटू शकतो. अशा जागा मानवी जनुकसंचात सुमारे दोन कोटी ऐंशी लाख आहेत. मिथाइल गट चिकटल्याने अक्षरे बदलत नाहीत, पण कोणते जनुक किती बोलावे हे बरेचसे त्यावर ठरते. बहुतेक जागांचा वयाशी संबंध नाही. काही जागांवर मात्र वयाबरोबर मिथाइल गट वाढत जातात, काहींवर गळत जातात, आणि हे इतक्या नियमाने होते की संशोधकही थक्क झाले. इटलीतल्या एका गटाने २०१२ मध्ये दाखवले की ईएलओव्हीएल-२ नावाच्या जनुकाजवळ रक्तातले हे प्रमाण नवजात बाळात सात टक्क्यांच्या आसपास असते आणि नव्वदीपार माणसात नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. मोजायची युक्ती जुनीच आहे. डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया केली की मिथाइल नसलेले सायटोसिन युरासिल होऊन जाते आणि मिथाइल असलेले तसेच राहते. मग क्रम वाचला की कुठे किती टक्के मिथाइल गट होते ते कळते. मोजमापाची खरी अडचण वेगळी आहे: ही प्रक्रिया डीएनएची मोडतोड करते, त्यामुळे आधीच कुजलेल्या किंवा उन्हात वाळलेल्या नमुन्यात हाती फार थोडे उरते.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह होरवाथ यांनी सुमारे आठ हजार नमुने आणि ५१ प्रकारच्या ऊती व पेशी यांचा अभ्यास करून ३५३ जागांवरून वय सांगणारे सूत्र मांडले. त्याच वर्षी हॅनम आणि सहकाऱ्यांनी रक्तासाठी ७१ जागांचे सूत्र दिले. न्यायसहायक प्रयोगशाळांना एवढ्या जागा मोजणे परवडत नाही. म्हणून पोलंड, बेल्जियम, स्पेन, कोरिया इथल्या गटांनी चार-पाच किंवा थोड्या अधिक जागांवर काम चालवणारी सूत्रे बसवली आणि युरोपातल्या ‘व्हिसेज’ प्रकल्पाने रक्त, गालाच्या आतल्या पेशी आणि हाड यांसाठी तपासलेली साधने तयार केली. यांची सरासरी चूक तीन ते चार वर्षे येते. यापूर्वी २०१० मध्ये रॉटरडॅमच्या गटाने रक्तातल्या टी-पेशींच्या डीएनएवरून वय काढण्याची पद्धत दिली होती; तिची चूक जवळजवळ नऊ वर्षांची होती. प्रगती मोठी आहे, यात शंका नाही.

पण ‘चूक तीन-चार वर्षे’ हे वाक्य न्यायालयात कसे ऐकले जाईल, याची मला खरी काळजी आहे. ऐकणारा समजेल की खरे वय सांगितलेल्या वयाच्या तीन-चार वर्षे इकडे-तिकडे असणारच. तसे नाही. होरवाथ यांच्या सूत्राची ३.६ वर्षे ही मध्यक चूक आहे. याचा अर्थ निम्म्या माणसांत चूक त्याहून जास्त होती. सरासरी चूक साडेतीन वर्षे असेल आणि चुका नेहमीच्या पद्धतीने विखुरलेल्या असतील, तर शंभरातल्या पंच्याण्णव माणसांना सामावून घ्यायला दोन्ही बाजूंना आठ वर्षांहून मोठा पट्टा धरावा लागतो. त्यात आणखी एक गोम आहे. अशी बरीचशी सूत्रे टोकांकडच्या वयांना मध्याकडे ओढतात: तरुणाला थोडे मोठे आणि म्हाताऱ्याला थोडे लहान दाखवतात. सोळा वर्षांच्या मुलीला अठरा-एकोणीस दाखवणारे सूत्र पोक्सोच्या खटल्यात काय करील, ते सांगायला नको. अठराच्या उंबरठ्यावर मनगटाचा साधा एक्स-रे या रसायनशास्त्रापेक्षा आज अधिक भरवशाचा आहे, आणि तो तालुक्याच्या ठिकाणी निघतो.

यावर जाणकार आक्षेप घेतील की मुलांसाठी वेगळे सूत्र आहे. आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘पेडबीई’ हे सूत्र जन्मापासून विशीपर्यंतच्या मुलांच्या गालाच्या पेशींवरून, ९४ जागा मोजून, वय सांगते आणि त्याची मध्यक चूक ०.३५ वर्षे, म्हणजे चार महिन्यांच्या आसपास आहे. हा आकडा पाहून मलाही उत्साह वाटतो. पण तो आकडा निरोगी, नेहमीसारखी वाढ होत असलेल्या मुलांचा आहे आणि जन्मापासूनच्या सगळ्या वयांचा मिळून आहे. दोन वर्षांच्या बाळाचे वय चार महिन्यांच्या फरकाने सांगणे आणि साडेसतरा वर्षांच्या मुलाचे सांगणे या दोन कामांची अडचण सारखी नसते. या सगळ्याच सूत्रांत वय वाढते तशी चूक वाढताना दिसते. शिवाय पौगंडावस्था लवकर आली की हे घड्याळ पुढे धावते, असे संकेत काही अभ्यासांत मिळाले आहेत. आपल्याकडे वयाचा वाद ज्या मुलामुलींबद्दल होतो ती बहुतेक वेळा कुपोषित, रक्तक्षयी, कष्टाची कामे करणारी मुले असतात. त्यांच्यावर हे सूत्र तपासून पाहिल्याशिवाय त्याच्या जोरावर कुणाचे बालपण नाकारणे मला मान्य नाही.

तपासून पाहण्याची गरज ही औपचारिकता नाही. रक्तातल्या या खुणांवर आयुष्याची छाप पडते. एचआयव्ही बाधितांच्या रक्तात हे घड्याळ सरासरी पाच वर्षांच्या आसपास पुढे असल्याचे होरवाथ यांनीच दाखवले; डाउन सिंड्रोममध्येही ते पुढे असते. तंबाखूची खूण तर इतकी स्पष्ट उमटते की त्यावरून धूम्रपान ओळखता येते. नेदरलँडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात गर्भात आलेल्या माणसांमध्ये साठ वर्षांनंतरही आयजीएफ-२ या जनुकावरचे मिथाइल गट त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी आढळले. ती जागा वयाच्या सूत्रातली नाही, पण गर्भातल्या उपासाची खूण आयुष्यभर राहू शकते एवढे त्यातून कळते. मग १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात गर्भात आलेली माणसे? ती आज पन्नाशी ओलांडलेली आहेत. त्यांच्या रक्तावर अमेरिकेतले किंवा पोलंडमधले सूत्र जसेच्या तसे लावता येईल, हे मोजून पाहिल्याशिवाय कुणी म्हणू नये. वेगवेगळ्या मानवसमूहांत घड्याळाचा वेग थोडा वेगळा असतो, असेही २०१६ च्या अभ्यासात दिसले आहे.

आणि ही चूक आपण आधी एकदा केली आहे. हाडांवरून वय सांगताना जगभर वापरला जाणारा ग्रुलिच आणि पाइल यांचा नकाशासंग्रह १९३१ ते १९४२ या काळात ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरातल्या सुस्थितीतल्या गोऱ्या मुलांच्या एक्स-रेवरून तयार झाला. आपल्याकडे गॉलस्टॉन यांनी १९३७ मध्ये बंगालमधल्या मुलांवर काम केले, म्हणून थोडे तरी भारतीय प्रमाण मिळाले. पण पुढे कित्येक पिढ्यांतले डॉक्टर मराठवाड्यातल्या मुलाचे मनगट त्या बंगाली तक्त्याशी ताडत राहिले. स्थानिक तक्ते तुरळक झाले, मोठे आणि सर्वमान्य असे नाहीत. डीएनएच्या बाबतीत तरी सुरुवात उलट करावी: आधी आपली माणसे मोजावी, मग प्रमाणपत्र लिहावे.

एवढे सगळे दोष सांगितल्यावर कुणी विचारील, मग ही पद्धत आणायचीच कशाला? कारण तिचा पट्टा मोठा असला तरी पंचविशीनंतर तो मिटत नाही. एक्स-रे अठराव्या वर्षी चार वर्षांचा पट्टा देतो आणि पस्तिसाव्या वर्षी काहीच देत नाही. मिथाइल गट अठराव्या वर्षी दहा-पंधरा वर्षांचा पट्टा देतात आणि पस्तिसाव्या वर्षीही साधारण तेवढाच, फार तर थोडा अधिक. पुण्याच्या प्रकरणातला तो माणूस २००५ मध्ये २३ वर्षांचा होता. आज जी सूत्रे आहेत ती तेव्हा असती आणि त्यांनी खऱ्या वयाच्या आसपासचा आकडा दिला असता, तर दोन्ही बाजूंना आठ वर्षे धरूनही उत्तर १५ ते ३१ आले असते. त्यातून अकरा वजा केली की ४ ते २०. हा निकाल नव्हे. पण ११ ते २९ पेक्षा तो कितीतरी अधिक बोलतो आणि ‘शाळेच्या नोंदी नीट शोधा’ असे सांगायला पुरेसा आहे. कायद्याने अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा, करता येतो. असे दावे करणारी माणसे तिशी-चाळिशीची असतात. त्यांच्यासाठी हाडांजवळ उत्तर नाही. कलम ९४ मध्ये अस्थिचाचणीबरोबरच ‘अन्य कोणतीही अद्ययावत वैद्यकीय वयनिश्चिती चाचणी’ असा पर्याय आहे. कायदा बदलण्याची गरज नाही. तुरुंग, तंबाखू, आजार यांमुळे घड्याळ पुढे धावून कैद्याचे वय खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, हे मात्र अहवालात स्पष्ट लिहिले पाहिजे, म्हणजे त्याचा तोटा त्याच्याच पदरात पडणार नाही.

मृतदेह आणि डाग यांच्या बाबतीत तर मला आक्षेपच दिसत नाही. दौलताबादच्या घाटात सापडलेल्या अनोळखी इसमाचे वय ‘३५ ते ४०’ असे जे आपण लिहितो, ते चेहरा, केस, दात आणि सवय यांवरून लिहितो. पट्टा पाच वर्षांचा दिसतो, पण तो खरोखर मोजलेला नसतो. उन्हातान्हात राबलेला तिशीचा मजूर पन्नाशीचा वाटतो आणि सावलीत वाढलेला पन्नाशीचा माणूस चाळिशीचा. दातांवरून गुस्ताफसन यांची १९५० ची पद्धत किंवा जघनास्थीच्या सांध्याची पद्धत वापरता येते, पण त्यांचेही पट्टे प्रौढ वयात फार रुंद होतात. इथे रक्तावरून मोजलेला, मागे गणित असलेला पट्टा मिळाला तर बेपत्ता नोंदींची चाळणी शहाणपणाने लावता येईल. गुन्ह्याच्या जागेवरच्या रक्ताच्या डागाबद्दल तर दुसरी कोणतीच पद्धत या पद्धतीच्या जवळ येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक पथकाची भेट बंधनकारक केल्यापासून असे डाग अधिक गोळा होणार आहेत. ज्याचा डीएनए कुठल्याच संशयिताशी जुळत नाही, तो विशीतला की साठीतला एवढे कळले तरी तपासाची दिशा बदलते. जर्मनीने २०१९ मध्ये कायदा बदलून अज्ञात माणसाच्या डागावरून वय काढायला परवानगी दिली ती याचसाठी. वीर्याच्या डागाला रक्ताचे सूत्र लागत नाही, त्याला वेगळेच सूत्र हवे, हे मात्र प्रयोगशाळेने विसरता कामा नये.

दोन धोके राहतात. एक खासगीपणाचा. वय काढण्यासाठी जे मोजतो त्याच रेणूवर तंबाखू, आजार, कदाचित आणखी बरेच काही लिहिलेले असते. डीएनएच्या वापरावर नियंत्रण आणणारे २०१९ चे विधेयक केंद्राने २०२३ मध्ये मागे घेतले. त्यामुळे काय मोजावे आणि काय मोजू नये याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो होईपर्यंत ठरलेल्या पाच-सात जागाच मोजायच्या, बाकीचा जनुकसंच उघडायचाच नाही, हा नियम प्रयोगशाळेने स्वतःवर घालून घ्यावा. दुसरा धोका मला अधिक मोठा वाटतो. डीएनए म्हटले की न्यायालयापासून गावच्या पारापर्यंत सगळे गप्प होतात, कारण ओळख पटवण्यात डीएनएने हा विश्वास कमावला आहे. पितृत्वाच्या किंवा ओळखीच्या चाचणीत चुकीने जुळण्याची शक्यता नगण्य असते. वयाच्या चाचणीत चूक आत बसलेलीच आहे. तोच धाक दुसऱ्या चाचणीला उसना मिळाला, तर एक्स-रेच्या दोन वर्षांवर उलटतपासणी घेणारा वकीलही डीएनएच्या आठ वर्षांवर प्रश्न विचारणार नाही. म्हणून तज्ज्ञाने एक आकडा कधीच लिहू नये. खालचे वय, वरचे वय आणि ते कोणत्या लोकसमूहावर तपासलेल्या सूत्रातून आले, या तीन गोष्टी नसलेला अहवाल न्यायाधीशांनी परत पाठवावा.

हे काम संभाजीनगरात सुरू होऊ शकते. घाटी रुग्णालय, त्याची रक्तपेढी, प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आणि शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था, सगळे एकाच शहरात आहे. ज्यांचा जन्मदाखला रुग्णालयाच्या नोंदीवर आधारलेला आहे असे अठरा ते साठ वयाचे रक्तदाते त्यांच्या संमतीने निवडावे, शहरातले आणि ऊसतोडीच्या तालुक्यांतले दोन्ही घ्यावे, परदेशी सूत्र त्यांच्यावर चालवून चूक किती येते ते मोजावे आणि जी येईल ती, लाजिरवाणी असली तरी, छापावी. मुलांचा अभ्यास त्यानंतर, आईबापांच्या संमतीने आणि पोषणाची नोंद ठेवून. तोवर बालकल्याण समिती, बाल न्याय मंडळे आणि पोक्सो न्यायालये यांनी या चाचणीवर कुणालाही सज्ञान ठरवू नये. एक गोष्ट मात्र कुणाच्या परवानगीची वाट न पाहता आजपासून करता येते. दौलताबादहून असो वा पैठणहून, प्रत्येक अनोळखी मृतदेहाच्या रक्ताचा थेंब गाळणकागदावर वाळवून, क्रमांक घालून, कोरड्या जागी जपून ठेवावा. अशा वाळलेल्या थेंबातले मिथाइल गट दीर्घ काळ मोजता येतात. आपले सूत्र तयार होईल त्या दिवशी मोजायला ते थेंब शिल्लक असले पाहिजेत. शवविच्छेदन करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे.